संगणकीय इमारत-प्रतिरूप आणि भंडारा जिल्ह्यातील घर

इमारतीत शिरणारी उष्णता व ती निवारण्यास लागणारा खर्च यांचे गणित बांधकामापूर्वीच मांडावे, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. तथापि हाताने केलेल्या गणितात बहुधा वर्षातील एखाद्या अतितप्त दिवसाचाच हिशेब होई. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागले व या शास्त्रास चालना मिळाली. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन यांनी कागदी नकाशाऐवजी भिंत, खिडकी, छप्पर या प्रत्येक घटकाचे वर्णन संगणकात साठविण्याची पद्धत मांडली. अशा वर्णनास स्थानिक हवामानाची जोड मिळताच वर्षाच्या ८,७६० तासांचा उष्णताव्यय व वीजखर्च आधीच वर्तविणे शक्य झाले.

भंडारा जिल्ह्यातील जुन्या घराने हाच प्रश्न विजेवाचून हाताळला होता. मातीची जाड भिंत तापण्यास दिवस घेई, कवेलूंच्या फटींतून कोंडलेली उष्ण हवा निघून जाई, आणि पुढची छपरी भिंतीवर ऊन पडू देत नसे. त्या घराची उणीवही होती: दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, भिंती लिंपाव्या लागत. काँक्रीटच्या स्लॅबने ते कष्ट वाचविले. परंतु दिवसा साठविलेली उष्णता स्लॅब रात्री घरात सोडतो. अशा रीतीने जो भार पूर्वी मनुष्यश्रमावर होता, तो विजेच्या मीटरवर आला. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उपयोगी पडतो. मोसमी पावसाबरोबर आर्द्रता वाढली की त्याचा गारवा उणावतो.

शासकीय नियमनाचा ओघ मात्र मोठ्या इमारतींकडे राहिला. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००७ साली व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. कायद्याने घातलेली विद्युतभाराची मर्यादा प्रथम ५०० किलोवॅट होती, ती २०१० च्या दुरुस्तीने १०० किलोवॅटवर आली. २०१८ च्या इको-निवास संहितेने निवासी इमारतींचा विचार केला, तोही ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडापुरता. छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश तापमानभेदास १.२ वॅटहून अधिक उष्णता वाहू नये, असा दंडक तिने घातला. उघड्या स्लॅबचे हे मान त्याच्या दुपटीहून अधिक भरते.

याउलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले. असे घर त्या संहितेच्या मर्यादेत येत नाही. आणि एवढ्याशा घरासाठी स्वतंत्र संगणकीय प्रतिरूप करविणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही. वस्तुतः तशी आवश्यकताही नाही. अशी घरे आकाराने व साहित्याने एकमेकांशी मिळतीजुळती असतात. म्हणून जिल्ह्याच्या हवामानावर आधारलेले एकच प्रतिरूप शेकडो घरांस उपयोगी पडू शकते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर द्यावा की कवेलूंचे दुसरे आच्छादन घालावे, छपरी कोणत्या दिशेस ठेवावी, याचा निर्णय त्यावरून खर्चासह करता येईल. प्रतिरूपाचे मोल ते किती मोठ्या इमारतीचे आहे यावर ठरत नाही. त्यावरून किती घरांचा उन्हाळा सुसह्य होतो, यावरच ते ठरावयास हवे.