मोशेचा पितळी सर्प
१. पितळी सर्प : पाहा बायबलमधील ‘गणना’ २१:४-९. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांत विषारी साप शिरले व पुष्कळ जण दगावले. तेव्हा देवाच्या आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप घडवून खांबावर लावला. दंश झालेला जो त्याकडे पाही, तो वाचे. मनुष्याचा पुत्रही (म्हणजे येशू स्वतः) तसाच उंच केला जाईल, असे येशू निकदेम या यहुदी पुढाऱ्याला सांगतो (योहान ३:१४-१५). ख्रिस्ती भाष्यकार त्यात वधस्तंभ व विश्वासाने होणारे तारण पाहतात. मिश्ना या यहुदी धर्मग्रंथातील अर्थ निराळा : साप बरे करीत नव्हता; वर पाहून मन देवाकडे वळल्याने लोक वाचत. पुढे लोक या सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४).