खणांचे घर : किल्लारीच्या आधी आणि नंतर

१/ लहानसे घर बांधायचे तर आज छापील नकाशा शोधला जातो. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत हा नकाशा सुताराच्या डोक्यात असे. त्याचे माप होते ‘खण’, म्हणजे दोन खांबांमधला गाळा. घर किती खणांचे हे ठरले की लाकडाचा हिशेब आपोआप लागत असे.

२/ दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबांवर तुळई, वर फळ्या आणि सर्वांवर मातीचे माळवद. खाचांत बसवलेले हे लाकूड सोडवून दुसऱ्या घराला वापरता येई. भोवती दगड-मातीची दोन-तीन फूट जाड भिंत असल्याने ऐन वैशाखातही आत गारवा राहत असे.

३/ पण माळवद गळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. जुना थर मात्र क्वचितच उतरवला जाई. फूटभर जाडीची माती १०० चौरस फुटांवर असली, तरी तिचे वजन साधारण साडेचार टन भरते. पिढ्यान्पिढ्या हा भार वाढत गेला.

४/ दुसरा दोष भिंतीत दडलेला होता. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांचा नि मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नसेच. भिंत जाड दिसे, पण एकसंध नव्हती.

५/ ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावे झोपली होती. किल्लारी परिसर ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत आकड्यानुसार सुमारे ७,९०० माणसे गेली. तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.

६/ पडझडीत एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेस आली. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. गरिबांच्या हलक्या, कुडाच्या झोपड्याही तगल्या. जीव घेतला तो सुट्या दगडांनी आणि छपरावरच्या मातीने.

७/ उपाय अगम्य नव्हते. दगडी भिंतींसाठीचे भारतीय मानक त्याच वर्षीचे, १९९३ चे. उंचीत दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीत दर १.२ मीटरवर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंती बांधणारी सलग पट्टी, आणि छपराचा भार कमी.

८/ मात्र लोकांच्या मनात दगडाची भीती बसली होती. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे आकार तीन, आणि निकष जमिनीचा : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टर ४५० आणि त्याहून अधिक जमीन असल्यास ७५०.

९/ अनेक भूमिहीन कुटुंबांना हे पहिलेच पक्के घर लाभले, ही मोठी गोष्ट होय. पण खणाचे घर कुटुंबाबरोबर वाढत असे. नवे घर सातबाऱ्यावर मोजले गेले. स्थलांतर न झालेल्या गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम चालले. तेथे ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या गावातल्याच स्त्रियांनी बांधकामाची माहिती घरोघरी पोहोचवली.

१०/ आज शेतात दगड-मातीचे टुमदार घर बांधण्याची हौस पुन्हा वाढते आहे. जुन्या घराचे नुसते रूप उचलले, तर त्याचे दोषही सोबत येतील. नकाशा हाती आला की तीन गोष्टी पाहाव्यात : छपराचे वजन किती, भिंतीत आरपार दगड आहेत का, आणि चारही भिंती एकमेकींना कशाने बांधल्या आहेत? किल्लारीत या प्रश्नांची उत्तरे ढिगाऱ्याखाली सापडली.