तेच ते क्लिक : ठशापासून सॉफ्टवेअरपर्यंत



गटाचे हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही चढवावे लागतात. नाव निवडा, रक्कम घाला, ‘जतन करा’ दाबा, मध्येच उघडलेली खिडकी बंद करा, पुढचं नाव उघडा. एका बाईमागे पाच वेळा दाबायचं म्हटलं, तर १२० जणींचे ६०० क्लिक होतात. बोटं दुखतात, डोळे शिणतात, आणि शेवटच्या पानावर हमखास चूक होते. म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणी विचारतात, ‘हे दाबायचं काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, ते घ्यावं का?’ घ्यावं, पण पारखून. आणि पारखायचं कसं, ते या कामाच्या इतिहासातूनच नीट कळतं.

एकदा मेहनत करून ठेवायची आणि मग तेच काम हजारदा करून घ्यायचं, ही युक्ती आपल्या चिंचणीला नवी नाही. चिंचणी, वरोर, वाणगाव या भागात डायमेकिंगचा धंदा घरोघर चालत आला. पोलादाच्या ठोकळ्यावर कारागीर नक्षी कोरतो, त्यावर धातूचा पत्रा दाबला की दागिन्याचा आकार उठतो. कोरायला दिवस लागतात, छापायला क्षण. पण डायमध्ये एक पाकळी वाकडी कोरली गेली, तर ती प्रत्येक दागिन्यात वाकडीच येणार. पुढे कोरण्याचं कामही कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं करू लागली आणि हातानं कोरणाऱ्यांचं काम कमी झालं. म्हणजे यंत्र कष्ट वाचवतं, चूक वाढवतं आणि कुणाचा तरी रोजगारही हलवतं. या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवा.

फ्रान्समधल्या ल्योन शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ जाकार यानं मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे जोडले. कुठला धागा उचलायचा ते पुठ्ठ्याची भोकं ठरवत. त्याच्याच नावावरून आपल्याकडचे विणकर ‘जॅकार्ड’ म्हणतात. तिथल्या विणकरांना पोटाची भीती वाटली आणि त्यांनी विरोध केला. १८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी अशीच भोकं पाडलेली कार्डं मोजली. ती भोकं पाडायच्या कामावर बायका मोठ्या संख्येनं होत्या. मोजणी यंत्राकडे गेली, पण तेच ते दाबणं बायकांच्याच वाट्याला आलं.

घराघरातल्या कॉम्प्युटरवर ही सोय १९९० च्या विंडोज ३.० मध्येही होती. त्यात ‘रेकॉर्डर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. तुम्ही जे दाबाल ते तो लक्षात ठेवी आणि पुन्हा तसंच करून दाखवी. एक्सेलमध्येही अशी नोंद करून ठेवता येते. तिला मॅक्रो म्हणतात.

तेवढ्यात दुसरी कटकट जन्मली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रायपॉड कंपनीत ईथन झुकरमन काम करत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली म्हणून ती कंपनी रागावली. तोडगा म्हणून झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. हीच ती पॉप-अप खिडकी. २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टनं २००४ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये अशा खिडक्या अडवायची सोय घातली. आज ती जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. म्हणून जाहिरातीच्या खिडक्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर आणायची गरजच नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू आहे का, एवढं बघा.

आता आपोआप क्लिक करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे येऊ. त्याच्या दोन जाती आहेत. पहिली जात पडद्यावरची जागा लक्षात ठेवते. ‘इथे दाब’ म्हटलं की तिथेच दाबत राहते. फुकट मिळणारे ‘ऑटो क्लिकर’ बहुधा या जातीचे. मध्येच खिडकी उघडली तर क्लिक त्या खिडकीवर पडतो. तिथे ‘रद्द करा’ असो की ‘मान्य आहे’, त्याला काय कळणार? दुसरी जात बटण ओळखते. बटण सरकलं तरी ते शोधून दाबते, आणि ठराविक खिडकी आली तर काय करायचं हेही तिला आधी सांगून ठेवता येतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवर ऑटोमेट’ या जातीचं. ते २०२१ पासून विंडोज १० वाल्यांना फुकट मिळू लागलं. २००३ पासूनचं ‘ऑटोहॉटकी’ही फुकट आहे, पण त्यात स्वतः ओळी लिहाव्या लागतात. गटाचा हिशेब एक्सेलमध्येच असेल तर आधी मॅक्रो शिका, नवं काही उतरवू नका.

हीच सोय लबाडीलाही लागते. रेल्वेची ऑनलाइन तिकिटं २००२ मध्ये सुरू झाली. पुढे दलालांनी अशी सॉफ्टवेअर आणली, की आपला मुलगा नाव टाइप करीपर्यंत त्यांची तत्काळ तिकिटं निघालेली असत. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयनं आपल्याच एका प्रोग्रॅमरला असं सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून अटक केली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खातं आधारनं पडताळलेलं असावं लागतं. वेबसाइटवर वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावतात तेही याचसाठी, समोर माणूस आहे याची खात्री व्हावी म्हणून. तिथे यंत्र घुसवू नका. शासनाच्या किंवा बँकेच्या पोर्टलवर तालुका कक्षाला किंवा बँकेला विचारल्याशिवाय असं काही चालवू नका.

मग निवडताना काय बघायचं? सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा’ म्हणणाऱ्या खिडकीतून कधीच नाही. मधेच थांबवायचं बटण कुठलं, ते आधी शिका. पहिल्यांदा एकाच गटाची नोंद करून वहीशी ताडून बघा, मग बाकीचे गट. डाय तपासल्याशिवाय कारागीर छापायला देत नाही, तसंच. पासवर्ड आणि ओटीपी त्यात साठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. नाव भरणं, रक्कम चढवणं, पावती काढणं हे यंत्राला द्या. पण कर्जाला ‘मान्य आहे’ म्हणणं, अंगठा लावणं, ओटीपी सांगणं हे काम नव्हे, तो होकार आहे. तो ज्या बाईचा आहे तिनंच समजून द्यायचा. यंत्रानं नाही, केंद्रावरच्या मुलानं नाही आणि माझ्यासारख्या समन्वयिकेनंही नाही. वाचलेला वेळ बैठकीत घालवा, प्रत्येकीला तिचा हिशेब वाचून दाखवायला.