इन्ग्रिड पिट : भुताच्या सिनेमातली नटी आणि छावणीतली पोर

आज २३ नोव्हेंबर. इन्ग्रिड पिटचा स्मृतिदिन. २०१० साली लंडनमध्ये ती गेली, ७३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.

नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही. आपल्याकडे भुताचा सिनेमा म्हटलं की रामसे बंधू आठवतात, पडकी हवेली आठवते, करकरणारा दरवाजा आठवतो. त्यात काम केलेल्या नट्या किती जणांना आठवतात? इंग्लंडात असे सिनेमे काढणारी मोठी कंपनी म्हणजे हॅमर. इन्ग्रिड तिथली गाजलेली रक्तपिपासू नायिका.

तिचं खरं नाव झालं ते १९७० च्या 'द व्हॅम्पायर लव्हर्स'मुळे. शेरिडन ले फानूच्या 'कार्मिला' या कथेवरचा हा सिनेमा. (ही कथा १८७२ ची, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'च्या २५ वर्षं आधीची.) पुढच्या वर्षी 'काउंटेस ड्रॅक्युला' आला. त्यात प्रमुख भूमिका तिची, पण आवाज दुसऱ्याच बाईचा! तिचे उच्चार परदेशी म्हणून सगळं डबिंग करून टाकलं. याचा राग तिने पुढे कधी लपवला नाही. १९७३ च्या 'द विकर मॅन'मध्ये छोटी भूमिका मिळाली. तोवर हॅमरचेच दिवस फिरले होते, आणि तिचेही.

आता मागे जाऊ. जन्म १९३७, वॉर्सा. वडील जर्मन, आई ज्यू. युद्ध सुरू झालं तेव्हा पोर दोन वर्षांचीही नव्हती. पुढे तिला आणि आईला श्टुटहोफच्या छळछावणीत डांबलं. डान्झिग शहराजवळची ही छावणी १९३९ च्या सप्टेंबरमध्येच उघडली होती. तिथे एक लाखावर माणसं कोंडली गेली, त्यातली ६० हजारांहून जास्त मेली. इन्ग्रिड आणि तिची आई वाचल्या. युद्ध संपलं तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर मायलेकी निर्वासितांच्या छावण्या पालथ्या घालत वडिलांना शोधत फिरल्या.

मोठी झाल्यावर ती पूर्व बर्लिनच्या 'बर्लिनर आन्सांब्ल'मध्ये नाटक करू लागली. ही ब्रेख्तची संस्था. पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' ज्याच्या नाटकावरून आलं, तोच ब्रेख्त. पण तिथल्या सरकारवर ती उघड बोलायची. पोलीस पकडायला आले तेव्हा नाटकाच्या कपड्यांतच श्प्रे नदीत उडी मारून पलीकडे गेले, असं ती सांगायची. तिला मदत करणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याशी पुढे तिचं लग्न झालं. 'पिट' हे आडनाव त्याचंच.

१९६८ च्या 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवूडबरोबर तिने काम केलं. त्या सिनेमात सगळीकडे नाझी गणवेश! लहानपणी ज्या कपड्यांची दहशत होती, तेच कपडे घातलेल्या नटांमध्ये उभं राहून काम करायचं. कसं वाटलं असेल?

आत्मचरित्र आलं ते १९९९ मध्ये, साठी उलटल्यावर. आणि छावणीची हकीकत तिच्याच आवाजात सांगणारी छोटी ॲनिमेशन फिल्म लोकांसमोर आली २०११ मध्ये, ती गेल्यावर. त्याची चित्रं हलती करण्यात एका शाळकरी पोराचा हात होता. काउंटेसच्या भूमिकेत कापलेला आवाज निदान इथे तरी तिचा स्वतःचा होता.

हे सगळं आज का लिहिलं? निर्वासित म्हटलं की आपण लगेच आकडे मोजायला बसतो. किती आले, किती घ्यायचे, आपल्यावर बोजा किती. त्या रांगेत आईचा हात धरून उभी असलेली पाच-सात वर्षांची पोर पुढे कोण होणार, हे कुणालाच माहीत नसतं. नटी झाली नसती, साधी शिवणकाम करणारी बाई झाली असती, तरी तिचा जीव तेवढाच मोलाचा होता.

पुढच्या वेळी बातम्यांत अशी रांग दिसली तर चॅनेल बदलण्याआधी एवढं आठवा.