पाजळणे : धारेच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी

मराठीत एकच क्रियापद दिव्याला लागते आणि शस्त्रालाही. दिवा पाजळतात, तलवारही पाजळतात. शब्दाच्या मुळाशी प्रज्वलन आहे. धार लावण्याला उजेडाचे नाव देणाऱ्यांनी ते नुसते शोभेसाठी दिले असेल, असे मला वाटत नाही. दगडावर घासता घासता पात्यावर उजेड ठरू लागतो आणि त्याच सुमाराला ते चिरू लागते, हे त्यांनी रोज पाहिले होते. उजेडाचे आणि धारेचे हे नाते नेमके काय, ते कुठवर खरे आणि कुठे फसवे, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न आहे. तो विचारायला धातुशास्त्राची पदवी लागत नाही. घरात एक विळी असली तरी पुरे.

ही पाने मी हिंगोली जिल्ह्यात बसून लिहितो आहे. सुऱ्या-कात्र्यांसाठी ख्याती असलेला हा मुलूख नव्हे, पण इथले पोट धारेवर चालते. सोयाबीनच्या सुगीला विळा लागतो. वसमतकडे हळद खणण्याआधी तिचा पाला कापायला पुन्हा विळाच लागतो. उसाला कोयता, निंदणीला खुरपे. नरसीचे नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, म्हणजे कात्री त्यांच्या घरचीच. खंडेनवमीला ही सगळी हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडतात. त्या दिवशी पाटापुढे बसून प्रत्येक पात्याची कड निरखावी. कोणाचा हात कसा आहे, ते तिथे कळते.

शब्दही निरखावेत. खुरपे लोहाराकडून ‘शेवटून’ आणतात. विळा ‘पाजवतात’. वस्तरा ‘निसण्यावर’ लावतात. ही एकाच कामाची तीन नावे नाहीत. शेवटणे हे भट्टीचे काम: झिजलेली कड तापवून, ऐरणीवर ठोकून पुन्हा पातळ करायची आणि मग तिला पाणी द्यायचे. पाजवणे हे थंड पात्याचे आणि दगडाचे काम. निसणा त्याहून बारीक दगड, तो न्हाव्याच्या धोकटीत असतो, आरशाशेजारी. आणि या सगळ्यांच्या पुढे आहे शिकल.

शिकल म्हणजे झिलई. शब्द अरबी ‘सैकल’वरून आला आणि तो करणारा तो शिकलगार. महाराष्ट्रात मुसलमान शिकलगार आहेत, शीख शिकलगार आहेत, आणि शेजारच्या नांदेडमुळे आपल्या भागाला दुसरे अधिक परिचयाचे. त्यांचे जुने चाक पाहण्यासारखे असे. लाखेत कुरुंदाची पूड कालवून ते घडवलेले असे. एक जण आसाला गुंडाळलेला पट्टा मागे-पुढे ओढी आणि दुसरा पाते धरी. पुढे सायकलच्या सांगाड्यावर चाक बसले आणि दोघांचे काम एकट्यावर आले.

कुरुंद हा नेहमी आढळणाऱ्या खनिजांत हिऱ्याच्या खालोखाल कठीण. मोस यांच्या कठीणपणाच्या मापात हिरा 10, कुरुंद 9, गारगोटी 7. आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट गारगोटीहूनही मऊ. त्यावर विळा कामापुरता घासता येतो, वस्तरा लावता येत नाही. म्हणून चांगला धारेचा दगड या मुलखात नेहमी बाहेरून आला. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अचेसन यांनी कार्बोरंडम हे घासण्याचे कृत्रिम द्रव्य तयार केले आणि 1941 साली उरणजवळच्या मोरा इथे घासचाकांचा कारखाना सुरू झाला, तेव्हा ही अडचण मिटली. जाता जाता एक सावधगिरी सांगतो. वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव आणि कुरुंदाचा दगड यांची नावे जुळतात म्हणून दोन्ही एकाच मुळाची, असे कोणी धरू नये. विचारवंत नरहर कुरुंदकरांचे आडनाव त्याच गावाचे. पुराव्याविना जुळवाजुळव करू नये, हे त्यांच्या प्रस्तावना वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको.

आता आरशाकडे येऊ. घासलेले प्रत्येक पाते म्हणजे चरांचे शेत असते. चर खोल असतील तर उजेड दाही दिशांना फुटतो आणि पाते राखाडी दिसते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, म्हणजे एका मायक्रॉनहूनही कमी. चर त्या मानाने बरेच उथळ झाले की किरण एका दिशेने परततात आणि पात्यात चेहरा दिसू लागतो. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये झिलईचा विचार असाच केला होता: ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते दिसेनासे होण्याइतके लहान होतात. पुढे विसाव्या शतकात बिल्बी या शास्त्रज्ञांनी झिलईत धातूचा वरचा थर वाहून पसरतो असे मांडले. त्यावर बरीच वर्षे वाद चालला आणि शेवटी पारडे पुष्कळसे न्यूटनकडे झुकले. झिलई ही मुख्यतः बारीक कापणीच आहे.

हे धारेला का महत्त्वाचे? धार म्हणजे दोन उतार भेटतात ती रेघ. उतारावरचा चर त्या रेघेपर्यंत पोचला की तिथे खाच पडते. उतार जितके नितळ, तितकी रेघ अखंड. म्हणून एका दगडावरून पुढच्या बारीक दगडावर जाताना घासण्याची दिशा थोडी बदलावी आणि मागचे चर पुरते जाईपर्यंत थांबावे. घाई इथेच नडते. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला केसासारखी दुमड उठते. ती बोटाला टोकापासून मुठीपर्यंत लागली, तरच बाजू पालटावी. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवा क्रोमियम ऑक्साइड लावून पाते उलटे, म्हणजे धार मागे ठेवून ओढावे. हात हलका हवा. जोर दिला की चामडे दबून वर येते आणि नुकतीच साधलेली रेघ गोल करून टाकते.

चकाकी फसवते ती विजेच्या बफवर, म्हणजे झिलईच्या मऊ चाकावर. मिनिटभरात पाते आरशासारखे होते, पण कडेला तापून निळी झाक आली की पाणी उतरले. साध्या पोलादात ही निळाई सुमारे 300 अंश सेल्सिअसला दिसते. असे पाते दिसते देखणे आणि दोन दिवसांत बोथटते. बाजारातल्या बहुतेक चकचकीत सुऱ्यांबद्दलची माझी तक्रार हीच आहे.

धार लावण्याइतकेच ती राखण्यालाही शास्त्र आहे, आणि त्याचा सर्वांत जुना धागा मला सुश्रुतसंहितेत सापडतो. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात कोणत्या कामाच्या शस्त्राला केवढी धार हवी, ते दिले आहे: भेदनाच्या शस्त्राला मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्राला अर्ध्या मसुराएवढी, वेधनाच्या शस्त्राला केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राला अर्ध्या केसाएवढी. पाजवायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी आणि धार टिकवायला शाल्मलीची फळी वापरावी. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिचे लाकूड मऊ, म्हणून धारेला त्यात इजा नाही.

हाच धागा एकोणिसाव्या शतकात आपल्या अंगणातून जातो. हिंगोली ही निजामाच्या इंग्रजी अमलाखालच्या फौजेची छावणी होती. याच फौजेच्या घोडेस्वारांबद्दल कॅप्टन लुई नोलन याने 1853 च्या घोडदळावरील ग्रंथात लिहिले आहे. त्यांच्या तलवारीचे घाव पाहून तो चकित झाला आणि पाती कुठली ते शोधू लागला. ती निघाली इंग्रज घोडदळाने मोडीत काढलेली जुनी पाती! फरक एवढाच की या स्वारांनी ती वस्तऱ्यासारखी पाजळली होती, लाकडी म्यानात ठेवली होती आणि लढाईखेरीज ती बाहेर काढत नसत. इंग्रजी फौजेची म्याने पोलादी होती. काढता-घालताना घासून पाते तिथेच बोथट होई. पोलाद एकच, राखणी वेगळी. या विषयावरच्या लेखनात याहून बोलके उदाहरण मला मिळालेले नाही.

मग प्रत्येक हत्याराला आरसा हवा का? नाही. टोमॅटोच्या सालीला थोडी खरखरीत धारच चांगली धरते, आणि मातीत चालणाऱ्या खुरप्याला आरसा केला तर पहिल्या तासात तो मेहनतीसकट जातो. वस्तरा, सुताराची पटाशी, चांभाराची रापी यांना मात्र नितळपणाचा लाभ थेट मिळतो. तीही अमर नाहीत. 2020 साली ‘सायन्स’मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवले की पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असलेला केसही वस्तऱ्याच्या कडेचे टवके काढू शकतो, कारण पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते.

या अभ्यासात अजून पुष्कळ काम पडून आहे. शिकलगारांचे आणि घिसाड्यांचे, म्हणजे फिरत्या लोहारांचे, शब्द कोशात तुटकपणे आहेत, त्यांच्या हातांच्या हालचाली नोंदलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. तुमच्या गावात चाक घेऊन कोणी येत असेल तर त्याच्याजवळ बसा, दगडाला आणि प्रत्येक फेरीला तो काय म्हणतो ते लिहून घ्या, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. घरातली विळी किंवा सुरी दिव्याखाली धरा, धार वर करून, आणि कडेकडे सरळ पाहा. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे कड गोल झाली आहे, म्हणून ती उजेड परत पाठवते. खरी धार दिव्याखाली दिसत नाही. जिथे रेघ चमकली, तिथून दगड लावायला घ्या.