मून रॅस

मून रॅस (शास्त्रीय नाव: थॅलॅसोमा ल्युनारे) हा लॅब्रिडी कुळातील, प्रवाळ खडकांजवळ राहणारा सागरी मासा आहे. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. शेपटीच्या चंद्रकोरीसारख्या आकारावरून त्याला हे नाव पडले. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात तो पाळला जातो. मात्र त्याचा आकार व अर्ध-आक्रमक स्वभाव यांचा विचार आधीच करावा लागतो.

आढळ व वर्णन

तांबड्या समुद्रापासून मध्य पॅसिफिक महासागरापर्यंतच्या उष्ण पाण्यात हा मासा आढळतो. भारतात तो लक्षद्वीप व अंदमान परिसरात दिसतो. त्याचे शरीर हिरवट-निळे असून डोक्यावर गुलाबी-जांभळे पट्टे असतात. त्याची लांबी सुमारे २५ सेंमी होते. काही माद्यांचे पुढे नरांत रूपांतर होते.

मत्स्यालयातील संगोपन

छातीचे पर वल्ह्यांप्रमाणे हलवत हा मासा दिवसभर पोहतो व रात्री खडकांच्या कपारीत झोपतो. त्यामुळे टाकी लांब, किमान ४५० लिटर क्षमतेची आणि भरपूर कपारी असलेली असावी. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. घाबरल्यास तो पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टाकीवर घट्ट बसणारी जाळी आवश्यक असते.

कोळंबी, शिंपल्यांचे मांस व मासळीचे तुकडे असा आहार त्याला दिला जातो. मांसल खाद्याच्या अवशेषांपासून अमोनिया तयार होतो. यासाठी सक्षम गाळणयंत्रणा आणि पाणी नियमितपणे अंशतः बदलणे गरजेचे असते.

सोबतीची निवड

विक्रीच्या वेळी पिल्लू लहान व निरुपद्रवी भासते. वाढलेला मासा मात्र छोटे मासे, कोळंबी, खेकडे व गोगलगायी खातो आणि नवागतांचा पाठलाग करतो. प्रवाळांना तो सहसा इजा करत नाही. त्याच्यासोबत मोठे व धीट मासे ठेवावेत आणि त्याला टाकीत सर्वांत शेवटी सोडावे. आधी स्थिरावलेल्या माशांना त्यामुळे आपली जागा राखता येते.

कायदेशीर बाबी

भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे टाकीच्या सजावटीसाठी समुद्रातून असे प्रवाळ उचलून आणणे बेकायदेशीर ठरते. टाकीत न मावणारा मासा समुद्रात सोडणेही अयोग्य मानले जाते, कारण त्याच्याबरोबर रोगजंतू पसरू शकतात.