तालुक्याला घर घेताय? एजंटला टोकन देण्याआधी हे तपासा

मुलांची शाळा, दवाखाना, नोकरी यांसाठी गावाकडची अनेक कुटुंबं तालुक्याच्या ठिकाणी घर बघतात. ऊस-कांद्याचे पैसे, दागिने मोडून आलेली रक्कम आणि वर बँकेचं कर्ज, असं सगळं त्यात अडकतं. ओळखीचा एजंट घर दाखवतो, भाव जुळवून देतो. पण कागद तपासणं हे घेणाऱ्याचंच काम आहे.

एजंट नोंदणीकृत आहे का?
महारेरात नोंद असलेल्या प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. त्याचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने, तर प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होतो. दोन्ही नंबर मागून घ्या आणि महारेराच्या वेबसाईटवर मोबाईलवरच तपासा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसताना एजंटला असा फ्लॅट विकता येत नाही. जुन्या घराच्या व्यवहाराला मात्र रेराचा आधार मिळत नाही. तिथं कागद दुप्पट काळजीने बघा.

कमिशन आधीच ठरवा
बऱ्याच ठिकाणी एक ते दोन टक्के कमिशन घेतलं जातं. किती, कधी आणि कोण देणार हे आधीच लिहून घ्या. शक्यतो खरेदीखत झाल्यावरच द्या.

कोणते कागद बघायचे?
• सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड : विकणाऱ्याचंच नाव आहे का ते बघा. सामाईक नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील.
• इतर हक्क : इथं बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो. बोजा असेल तर तो कमी झाल्याचा कागद मागा.
• भोगवटादार वर्ग 2 : अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. "नंतर करून देतो" यावर जाऊ नका.
• एनए आणि बांधकाम परवानगी : "एनए होणार आहे" म्हणजे झालेलं नाही.
• ग्रामपंचायतीचा नमुना 8 : हा घरपट्टीचा उतारा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड मागा.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या. त्याची फी व्यवहाराच्या मानाने किरकोळ असते. वकील मात्र आपला निवडा, एजंटचा नको.

पैसे कसे द्यायचे?
"दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आजच टोकन द्या" ही घाई नेहमीची. कागद बघितल्याशिवाय विसार देऊ नका. पैसे चेकने किंवा बँकेतून थेट मालकाच्या खात्यावर द्या, एजंटच्या नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. महारेरातल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

नोटरीवर भागत नाही
स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे घर नावावर झालं, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. मालकी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या खरेदीखतानेच मिळते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त 30 हजार रुपये. स्टॅम्प ड्युटी वेगळी. राहण्याचं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते.

खरेदीखतानंतर फेरफार नोंद होऊन सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं का, ते तपासा. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. नाव लागलेला उतारा हातात येईपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका.